मंडळाला दिसेल अशी तक्रार

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ११ ऑगस्ट २०२३ रोजी आणि त्याखालचे नियम अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या सव्वादोन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची संभाषण करणारी साधने मोठ्या कंपन्यांच्या दालनांतून निघून तालुक्याच्या पतसंस्थेत, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर आणि शाळेच्या कार्यालयात येऊन बसली. कायद्याच्या ४४ कलमांत मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख एकदाही येत नाही. हा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण तंत्राचे नाव घालून केलेला कायदा त्या तंत्राबरोबरच जुना होतो. पण त्यामुळे नवे प्रकार जुन्या कलमांत कुठे बसतात हे ठरवण्याचे सारे ओझे एका नव्या संस्थेवर येऊन पडते. ती संस्था म्हणजे भारतीय डेटा संरक्षण मंडळ.

नियमांबरोबरच मंडळाची स्थापना अधिसूचित झाली. सदस्यसंख्या चार, कार्यालय राजधानी क्षेत्रात, कामकाज ऑनलाइन. कंपन्यांची कर्तव्ये आणि नागरिकांचे हक्क सांगणारी मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. पतसंस्था, छोटी रुग्णालये आणि काही सॉफ्टवेअर कंपन्या यांना माहितीच्या हाताळणीबाबत सल्ला देणे हा माझा पुण्यातला व्यवसाय असल्यामुळे नियम आल्यापासून मला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न ऐकू येतो : दंड किती? उत्तर आता सर्वांना पाठ झाले आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकून संचालक मंडळ गंभीर होते, ठराव होतो, चहा येतो. मला त्यापेक्षा पलीकडच्या बाजूचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. दंड करण्यासाठी मंडळाला आधी काहीतरी दिसावे लागेल. ते दिसणार कसे, आणि ते दाखवण्याच्या कामी या व्यवसायातली माणसे, प्रोग्रामर, वकील, ग्राहक संघटना आणि सामान्य नागरिक काय करू शकतात?

कायद्याचे २७ वे कलम लक्षपूर्वक वाचले, तर मंडळापर्यंत पोहोचणारे रस्ते मोजकेच आहेत. माहिती फुटल्याचे कंपनीने स्वतः कळवले पाहिजे, किंवा ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीने तक्रार केली पाहिजे, किंवा केंद्र अथवा राज्य सरकारने प्रकरण पाठवले पाहिजे, किंवा न्यायालयाने निर्देश दिला पाहिजे. एखादी बातमी वाचून, एखाद्या अभ्यासकाचा अहवाल पाहून मंडळाने आपणहून चौकशी सुरू करावी, अशी सोय या कलमात नाही.

इटलीत नेमके उलट घडले होते. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीतल्या एका बिघाडामुळे काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली आणि पैसे भरून सेवा घेणाऱ्या काहींचे देयकाचे तपशीलही उघडे पडले. गारांते या तिथल्या नियामकाने माध्यमांतल्या बातम्यांची दखल घेऊन ३० मार्च रोजी आदेश काढला आणि इटलीतल्या लोकांच्या माहितीच्या वापरावर तात्पुरता निर्बंध घातला. २८ एप्रिलला सेवा परत सुरू झाली तेव्हा माहिती कशी वापरली जाते याचा खुलासा, प्रशिक्षणासाठी आपली माहिती वापरू नये असे सांगण्याची सोय आणि वयाची विचारणा या गोष्टी तिच्यात आलेल्या होत्या. त्या आदेशाची घाई झाली की नाही यावर तिथे बराच वाद झाला आणि तो वाद योग्यच होता. पण नियामकाला स्वतःहून उठता येत होते म्हणून चार आठवड्यांत काहीतरी बदलले. आपल्या मंडळाला ही मुभा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मिळेपर्यंत मात्र तक्रार हाच मुख्य दरवाजा आहे, आणि म्हणून तक्रारीच्या प्रतीकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

अडचण अशी की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत ज्याचे नुकसान होते त्याला ते बहुधा कळतच नाही. खात्यातून पैसे गेले तर बँकेचा संदेश येतो. आपला अर्ज कोणीतरी परक्या यंत्राला खाऊ घातला, तर काहीच येत नाही.

एका पतसंस्थेत मी काही दिवस कागदपत्रांचा प्रवास तपासत होते. थकीत कर्जदारांचे हप्ते बांधून मागणारे अर्ज मराठीत येतात आणि त्यांचा इंग्रजी गोषवारा करून वर पाठवावा लागतो. ते काम करणारी कर्मचारी प्रत्येक अर्ज टाइप करून एका मोफत चॅट साधनात टाकत असे आणि तयार गोषवारा उचलून ईमेलमध्ये चिकटवत असे. दुपारभर चालणारे काम तासाभरात उरकत होते आणि गोषवारेही चांगले होते. मी विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, नाव तर मी आधीच काढते." ते खरे होते. अर्जाच्या डोक्यावरचे अर्जदाराचे नाव तिने प्रत्येक वेळी काढलेले होते. पण खाली मजकुरात जामीनदाराचे आडनाव होते, गाव होते, नवऱ्याच्या कर्करोगाची आणि त्यावर झालेल्या खर्चाची हकीकत होती, आणि शेवटी "माझा आधार क्र." असे लिहून बारा आकडे होते. त्यात वाईट हेतूचा लवलेशही नव्हता. संस्थेने तिला दुसरे साधनही दिलेले नव्हते आणि मनाईही केलेली नव्हती.

आता उद्या त्या कर्जदार बाईंनी ११ व्या कलमाखाली संस्थेला विचारले की, माझी माहिती तुम्ही कोणाकोणाला दिलीत, तर संस्था प्रामाणिकपणे उत्तर देईल : कोणालाही नाही. कार्यालयातल्या कोणाच्याही लेखी हे 'देणे' नाहीच. नोंदवहीत त्याची ओळ नाही, करारात त्या साधनाच्या कंपनीचे नाव नाही. फुटली म्हणावी तर माहिती फुटल्याचे कळवायला कोणी जाणार नाही, आणि तक्रार करावी तर बाईंना पत्ता नाही. मंडळापर्यंत जाणारे सगळे रस्ते इथेच बंद होतात. (ती पद्धत आता थांबली आहे, म्हणूनच हे लिहू शकते.)

असे प्रकार उघडकीस येतात ते कसे, याचे दक्षिण कोरियातले उदाहरण मी माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. स्कॅटर लॅब नावाच्या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये 'इरुडा' ही वीस वर्षांच्या तरुणीसारखी बोलणारी संवादयंत्रणा सुरू केली. तिचे बोलणे इतके खरे वाटण्याचे कारण असे की, कंपनीच्याच दुसऱ्या एका ॲपवर लोकांनी आपल्या नात्यांचे विश्लेषण करून घेण्यासाठी काकाओटॉक या तिथल्या संदेश ॲपवरची संभाषणे दिलेली होती. सुमारे सहा लाख लोकांची सुमारे ९४० कोटी वाक्ये. तीच यंत्रणेच्या प्रशिक्षणात वापरली गेली. प्रेमाचा सल्ला मागण्यासाठी दिलेल्या ओळी एका यंत्राच्या तोंडी आल्या, आणि ज्यांच्याशी ती संभाषणे झाली होती त्या समोरच्या माणसांना तर कोणी विचारलेच नव्हते. हे बाहेर आले ते वापरकर्त्यांमुळे. यंत्रणा मध्येच कोणाचे नाव, कोणाचा पत्ता असे काहीबाही बोलून जाते हे लोकांच्या लक्षात आले, त्यांनी पडद्याची छायाचित्रे घेतली, ती एकमेकांना दाखवली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सेवा बंद पडली. एप्रिलमध्ये तिथल्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने १० कोटी ३३ लाख वॉन दंड केला. "नव्या सेवा विकसित करण्यासाठी" अशी एक ओळ गोपनीयता धोरणात होती, या कंपनीच्या बचावाला आयोगाने पुरेशी संमती मानले नाही. आपल्याकडच्या अनेक ॲपच्या धोरणांत अशा अर्थाची ओळ सापडते, म्हणून हा निकाल आपल्या मंडळाच्या टेबलावर असायला हवा.

वापरकर्त्यांची ती छायाचित्रे नियामकाला मदत करणारी ठरली, कारण ती तपासता येण्याजोगी होती. आपल्याकडच्या तक्रारीही तशाच व्हाव्यात. "अमुक ॲप माझी माहिती एआयला देते" एवढे लिहून मंडळाला काही करता येणार नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्यावर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे आणि तिची भीती लोकांना वाटते. त्यामुळे काय जपून ठेवावे हे सांगणे मी माझे काम समजते. ज्या दिवशी संमती दिली त्या दिवशी पडद्यावर दिसलेली सूचना जपावी, कारण ती नंतर बदलते आणि जुनी कुठेच मिळत नाही. ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहता आली पाहिजे, असे कायदा सांगतो. मराठीचा पर्याय नसेल तर तेही टिपून ठेवावे. यंत्राने दुसऱ्याची किंवा आपली माहिती उत्तरात दिली, तर आपण विचारलेला प्रश्न अक्षरशः, उत्तर अक्षरशः, तारीख, वेळ आणि दिसत असल्यास त्या प्रणालीची आवृत्ती, हे सारे टिपावे. ही यंत्रे त्याच प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकतात. मंडळाच्या कर्मचाऱ्याने तोच प्रश्न टाकला आणि त्याला काही सापडले नाही, तर तक्रार खोटी ठरत नाही, पण ती सिद्धही होत नाही. म्हणून तोच प्रश्न अनेकदा विचारून कितीदा काय आले ते नोंदवलेली तक्रार एका छायाचित्रापेक्षा कितीतरी भक्कम असते.

मंडळाकडे जाण्याआधी संबंधित संस्थेच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे जावेच लागते आणि नियमांनी त्यासाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची मुदत दिली आहे. या मुदतीला लोक कंटाळतात. मला मात्र हा काळ पुरावा गोळा करण्याचा वाटतो. संस्थेला लेखी विचारावे की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचे काय करता आणि ती कोणाला दिली. आलेले उत्तर, मग ते गुळमुळीत का असेना, मंडळापुढे कागद म्हणून उभे राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये काही संशोधकांनी चॅटजीपीटीला एकच शब्द अखंड म्हणत राहायला सांगितले आणि थोड्या वेळाने यंत्र भरकटून प्रशिक्षणातला मूळ मजकूर ओकू लागले. त्यात एका खऱ्या माणसाचा ईमेल आणि फोन क्रमांकही होता. खर्च सुमारे २०० डॉलर. त्यांनीही कंपनीला आधी कळवले आणि ९० दिवस थांबून मगच निष्कर्ष प्रसिद्ध केले. असे काम भारतात करणाऱ्या अभ्यासकाला, तो चांगल्या हेतूने त्रुटी शोधतो आहे म्हणून संरक्षण देणारी स्पष्ट तरतूद आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नाही. नियामकाला मदत करू पाहणारा माणूसच आधी वकिलाकडे जातो.

कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक मोठे भगदाड आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. एखाद्या व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती, किंवा कोणत्याही कायद्याने बंधन घातले म्हणून कोणी जाहीर केलेली माहिती, या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कायद्यात याचे उदाहरणही दिले आहे आणि ते ब्लॉग लिहिणाऱ्या स्त्रीचे आहे : तिने आपली मते मांडताना स्वतःची माहिती समाजमाध्यमावर जाहीर केली असेल, तर हा कायदा तिला लागू नाही. वाचताना मला आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखे वाटले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या प्रशिक्षणासाठी जो मजकूर उचलतात तो बहुतांशी असाच जाहीर मजकूर असतो. महाभूलेखवरचा सातबारा घ्या. जमीन कोणाची, क्षेत्र किती, इतर हक्कात कोणते कर्ज, हे तिथे कोणालाही पाहता येते आणि ते तसे असण्याला कारणही आहे. पण एकेक उतारा पाहणे वेगळे आणि अख्ख्या जिल्ह्याचे उतारे गोळा करून, त्यावरून कोण अडचणीत आहे आणि जमीन कधी विकेल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा तयार करणे वेगळे. तिसऱ्या कलमाच्या आजच्या शब्दांत या दोहोंमध्ये फरक करता येत नाही. इथे मंडळाला मदत करायची म्हणजे दुरुस्तीचा आग्रह धरायचा, आणि तोवर कलमाचा अर्थ त्याच्या शब्दांइतकाच अरुंद ठेवायला लावायचा. माहिती त्या व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली असली पाहिजे. भाचीने लग्नाच्या अल्बममधून टाकलेला मावशीचा फोटो मावशीने जाहीर केलेला नाही. कोट्यवधी छायाचित्रे उचलणाऱ्या कंपनीला प्रत्येक छायाचित्र कोणी टाकले हे सांगता येणार नसेल, तर सूट तिला मिळू नये, असा युक्तिवाद कोणीतरी पहिल्याच प्रकरणात मांडायला हवा.

माझा स्वतःचा हातभार लागू शकेल अशी जागा अगदी वेगळी आहे, आणि ती मराठीशी बांधलेली आहे. मोठ्या संस्था यंत्राला मजकूर देण्याआधी त्यातली ओळख पटवणारी माहिती झाकणारी साधने वापरतात. ही साधने इंग्रजीत बऱ्यापैकी चालतात. मराठी मजकुरावर ती चालवून पाहिली, तेव्हा कुठे काय निसटते हे पाहण्यासारखे होते. साधनाला 'पाटील' हे आडनाव माहीत असते, पण "पाटलांनी जामीन दिला" यातले 'पाटलांनी' त्याला ओळखू येत नाही. 'ज्योती', 'आशा', 'सुमन', 'प्रकाश' ही नावे आहेत की साधे शब्द, याचा त्याला पत्ता लागत नाही. "काळे यांच्या शेतालगत" यातले 'काळे' विशेषण म्हणून सुटते. फोन क्रमांक शोधणारा नियम फक्त इंग्रजी आकडे शोधत असेल, तर देवनागरी आकड्यांत लिहिलेला क्रमांक त्याच्या समोरून निघून जातो. गावाचे नाव, वाडी आणि "सरपंचांच्या धाकट्या सूनबाई" एवढ्यावरून लहान गावात माणूस कळतो, हे तर कुठल्याच साधनाच्या यादीत नाही. पतसंस्थेतल्या त्या कर्मचारी बाईंनी हाताने जे केले, अर्जाचे डोके झाकून धड उघडे ठेवले, तेच ही महागडी साधने करतात.

याचा मंडळाशी संबंध असा. ज्या मोठ्या संस्थांना सरकार 'महत्त्वाच्या' ठरवील, त्यांना दर बारा महिन्यांनी आपल्या माहिती हाताळणीच्या परिणामांचा आढावा आणि लेखापरीक्षण करून त्यातले ठळक निष्कर्ष मंडळाला कळवावे लागतील, आणि आपल्या अल्गोरिदममुळे लोकांच्या हक्कांना धोका पोहोचत नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागेल. म्हणजे लेखापरीक्षक हे मंडळाचे डोळे होणार. तो परीक्षक झाकणारे साधन फक्त इंग्रजी नमुन्यांवर तपासून बरोबरची खूण करील, तर मंडळाला मराठी, कन्नड किंवा ओडिया माणसाची माहिती कधीच सुरक्षित किंवा असुरक्षित दिसणार नाही. ती दिसणारच नाही. म्हणून दोन प्रोग्रामर स्नेह्यांच्या मदतीने मी चाचणीचे मराठी नमुने तयार करते आहे : कर्जाचे अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, शाळेचा दाखला, सोसायटीची नोटीस, सगळे कल्पित नावांचे आणि कल्पित क्रमांकांचे, पण लिहिण्याची ढब खरी. कोणीही ते फुकट वापरावेत, कोणत्याही साधनावर चालवावेत आणि काय निसटले ते मोजावे. खानदेशी आणि कोकणी वळणाचे अर्ज अजून हवे आहेत; ज्यांच्या कार्यालयात असे लिहिणे रोज समोर येते, त्यांनी खरी कागदपत्रे न पाठवता फक्त लिहिण्याची पद्धत सांगितली तरी पुरे.

आपली माहिती पुसून टाकायला लावण्याच्या हक्काबाबत मंडळाची खरी कसोटी लागेल. तक्त्यातली ओळ पुसता येते. शिकून तयार झालेल्या प्रणालीतून एका माणसाची माहिती काढून घेण्याची खात्रीची रीत अजून कोणाकडे नाही, आणि उत्तरावर गाळणी बसवणे म्हणजे पुसणे नव्हे. हाच प्रश्न आयर्लंडच्या नियामकाने युरोपीय डेटा संरक्षण मंडळाला विचारला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या अभिप्रायाने, वैयक्तिक माहितीवर शिकवलेली प्रणाली आपोआप निनावी मानता येणार नाही, प्रत्येक प्रणाली तपासूनच ठरवावे लागेल, असे सांगितले, आणि बेकायदा माहितीवर शिकवलेली प्रणालीच पुसायला लावण्याचा मार्गही खुला ठेवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २०२१ मध्येच एव्हरअल्बम या कंपनीला लोकांच्या छायाचित्रांवर तयार केलेली चेहरा ओळखणारी प्रणाली नष्ट करायला लावली. आपल्या मंडळाला सुनावणीनंतर आवश्यक ते निर्देश देण्याचा अधिकार २७ व्या कलमानेच दिलेला आहे. तो इथवर ताणता येईल असे मला वाटते, पण त्यासाठी "प्रणाली तपासून" हे शब्द प्रत्यक्षात उतरवणारी माणसे मंडळाकडे हवीत. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा त्यात पाच जण होते. म्हणजे आपल्या अख्ख्या मंडळाच्या सदस्यसंख्येपेक्षा एक जास्त. युरोपीय मंडळाने बाहेरच्या तज्ज्ञांची एक फळी बांधून ठेवली आहे आणि सदस्य देशांचे नियामक गरजेप्रमाणे त्यांना बोलावतात. पुण्या-मुंबईच्या आणि पवईच्या संगणक विभागांत असे काम करू शकणारे पुष्कळ आहेत. त्यांना कोणी विचारलेले नाही, आणि कंपन्यांची सल्लागारी करणाऱ्यांना विचारावे की नाही हा प्रश्न आहेच; माझ्यासारख्यांनी अशा वेळी आपले अशील कोण ते आधी जाहीर करावे.

तक्रार करून माणसाला मिळणार काय, हे विचारणारेही भेटतात. सरळ उत्तर असे की, पैसे मिळणार नाहीत. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, आणि नुकसानभरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात केलेली आहे. ही तरतूद मला सर्वांत अन्यायाची वाटते. ज्या व्यवस्थेत तक्रारदाराच्या पुराव्यावाचून नियामक हलू शकत नाही, तिथे तक्रारदाराच्या श्रमाला काहीच मोल नसणे हे व्यवस्थेच्याच मुळावर येते. युरोपात व्हिएन्नाच्या 'नॉयब'सारख्या संस्था लोकांच्या वतीने तक्रारी चालवतात; चॅटजीपीटीने नॉर्वेच्या एका माणसाला स्वतःच्या मुलांचा खुनी ठरवणारी कपोलकल्पित कथा सांगितली आणि तिच्यात त्याच्या मुलांची संख्या आणि गाव मात्र खरे होते, त्याची तक्रार मार्च २०२५ मध्ये याच संस्थेने नियामकाकडे नेली. आपल्या कायद्यात संस्थेला वतीने उभे राहण्याची तशी तरतूद नाही, जी ग्राहक संरक्षण कायद्यात नोंदणीकृत ग्राहक संघटनांना आहे. तरीही तक्रार लिहून द्यायला, कागद लावून द्यायला कोणाची मनाई नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांना बिल्डर, विमा आणि बँका यांच्याविरुद्धच्या तक्रारी बांधण्याचा काही दशकांचा सराव आहे. त्यांच्या मार्गदर्शन केंद्रांत या विषयाचे एक टेबल मांडले जावे, यासाठी आमच्यातल्या काही जणांचे बोलणे सुरू आहे.

राहता राहिला राज्य सरकारचा रस्ता, ज्याकडे कोणी पाहत नाही. २७ वे कलम राज्य सरकारलाही प्रकरण मंडळाकडे पाठवण्याचा अधिकार देते. ज्या गोष्टी एका माणसाला दिसत नाहीत पण हजारोंना लागू असतात, जसे की शाळांतून मुलांच्या हजेरीसाठी बसवलेली चेहरा ओळखणारी यंत्रे, किंवा कर्ज देणाऱ्या ॲपने मराठी संभाषणांवरून ठरवलेली पत, त्यांच्यासाठी हा रस्ता सर्वांत सोयीचा आहे. तक्रारदार पुढे येण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र असा संदर्भ मंत्रालयातल्या कोणत्या विभागाने तयार करायचा, नागरिकाने तो कोणाकडे मागायचा आणि किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे ठरवून घ्यायला मे २०२७ उजाडण्याची गरज नाही. एक शासन निर्णय काढला तरी भागेल. त्याचा कच्चा मसुदा मी लिहायला घेतला आहे, आणि प्रशासनात काम केलेल्या कोणी तो वाचून खोडून काढला, तर मला तो दुसऱ्यांदा अधिक चांगला लिहिता येईल.